शाईवाल्या मॅडमचं बोट

हेमलता टिपणीस यांनी दिल्लीत तेहेतीस वर्षं लोकांच्या बोटांना शाई लावली. स्वतःच्या बोटाला मात्र एकदाही लागली नाही.

तशी त्यांची खरी नोकरी केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात, फायलींची. पण दिल्लीत सरकारी नोकर म्हटला, की निवडणूक आली रे आली, त्याच्या टेबलावर ड्युटीचा कागद येऊन पडतो. तो कागद दिसला की कचेरीत कुणाची कंबर धरायची, कुणाच्या मेहुण्याचं लग्न नेमकं त्याच तारखेला निघायचं. हेमलताबाई तेवढ्या निमूटपणे सही करायच्या, थालीपिठांचा डबा आणि शाल पिशवीत टाकायच्या आणि निघायच्या. लोकसभा झाली, विधानसभा झाली, महापालिका झाली. दर वेळी कुणीतरी म्हणायचंच, "टिपणीस मॅडम, आप स्याही पर बैठिए. आपका हाथ नहीं काँपता."

हात कापत नसे हे खरं. शिवाय त्यांना बोटं वाचता येत. तेल लावून आलेलं बोट, मेण चोळून आलेलं बोट, लाजून पदरात लपवलेलं नव्या नवरीचं बोट, सगळी त्यांना दुरूनच ओळखू येत.

राहिलं होतं ते एकच. त्यांची ड्युटी नेहमी दुसऱ्या मतदारसंघात असे, त्यामुळे सरोजिनीनगरच्या आपल्या केंद्रावर रांगेत उभं राहून मत देणं त्यांना कधी जमलंच नाही. टपालानं मत देण्याची सोय होती. पण चौघांचे फॉर्म भरून देण्याच्या नादात स्वतःचा फॉर्म राहून जाई. दोनदा मात्र त्यांनी टपालानं मत दिलं होतं, जेवणाच्या टेबलावर, लोणच्याची बरणी बाजूला सारून.

"ते मत दिल्यासारखं वाटलंच नाही हो," त्या यजमानांना म्हणाल्या होत्या. "विम्याचा हप्ता पाठवल्यासारखं वाटलं."

यजमान श्रीरंगराव निवृत्त झालेले, बायकोची थट्टा करणं हाच त्यांचा पूर्ण वेळेचा उद्योग. ते मत देऊन आले की शाईचं बोट वर करून घरभर हिंडत. "काय टिपणीसबाई, तुमचं बोट कोरं? देशाची काही काळजी?"

आणि मग दोन हजार तेराची विधानसभा आली. मतदान चार डिसेंबरला. हेमलताबाईंची निवृत्ती एकतीस डिसेंबरला. सेवेचा महिनाच उरला म्हणून ड्युटीच्या यादीतून त्यांचं नाव वगळलं गेलं. त्यांनी ती यादी दोनदा वाचली. घरी येऊन त्यांनी कपाटातून नारायणपेठ काढली आणि इस्त्रीला दिली.

"लग्न आहे कुणाचं?" श्रीरंगराव.

"मत द्यायला जायचंय मला. रांगेत उभं राहून."

"साडी नेसून ये, पण माझ्या पुढे उभी राहू नकोस. आमचा नंबर जाईल."

सगळं असं छान जुळून आलं असताना बाईंना प्रशिक्षणाचं बोलावणं आलं. ड्युटी नाही, फक्त नव्या लोकांना दोन दिवस शिकवायचं. नाही म्हणणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

पहिल्या दिवशी एका शाळेच्या सभागृहात दीडशे माणसं. बाईंनी फळ्यावर बोट काढलं, नखाच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत रेघ ओढली आणि म्हणाल्या, "उँगली पर निशान दिखा, तो वोट नहीं. मेरी सास भी आ जाए, तो भी नहीं." सभागृह हसलं. पुढच्या रांगेत बसलेल्या गाझियाबादच्या शशिकांत त्यागी नावाच्या तरुण अधिकाऱ्यानं ते वहीत उतरवून घेतलं. त्याला आयुष्यात पहिल्यांदाच केंद्राध्यक्ष नेमलं होतं आणि तो सगळंच उतरवून घेत होता.

घोटाळा झाला दुसऱ्या दिवशी. इतकी वर्षं शिकवताना सरावाच्या बाटलीत पाणी असे. बाई आपलं डावं बोट पुढे करत, शिकाऊ मुलगी त्यावर पाण्याची रेघ ओढे, बाई पदराला बोट पुसून पुढचीला बोलावत. त्या दिवशीही प्रभा रावत नावाची मुलगी पुढे आली आणि बाईंनी सवयीनं बोट पुढे केलं. प्रभानं काडी बुडवली आणि नखापासून पेरापर्यंत अशी सुरेख रेघ ओढली की बाई म्हणाल्या, "देखा? ऐसे लगाते हैं." टाळ्या पडल्या. बाईंनी बोट पदराला पुसलं.

पदर जांभळा झाला.

यंदा सरावालासुद्धा खरी शाई पाठवली होती.

"मॅडम, साबण से निकल जाएगी ना?" प्रभा रडवेली होऊन म्हणाली.

तेहेतीस वर्षं हजारो लोकांना "नहीं निकलती" असं सांगत आलेल्या बाई तिच्याकडे बघतच राहिल्या. मतदानाला दहा दिवस होते. नखावरची शाई नखाबरोबर वाढते आणि नखाबरोबरच जाते. दहा दिवसांत कुठली जायला!

त्यांनी त्या क्षणी एकच गोष्ट केली. सरकारी माणसाला संकटात सुचते तीच. अर्ज लिहिला. घडला प्रकार, वेळ, सभागृहाचा क्रमांक, साक्षीदार म्हणून प्रभाची सही. निवडणूक कचेरीत जाऊन अर्ज दिला आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का मारून घेतला. तिथला बाबू म्हणाला, "रख लिया है मॅडम. लेकिन फैसला तो बूथवाले ही करेंगे."

घरात सल्ल्यांचा पूर आला. गुडगावहून लेकीचा, अलकनंदाचा, फोन आला, "आई, नेलपॉलिश रिमूव्हर लाव ना यार, बिल्कुल निघून जाईल." श्रीरंगराव लिंबू कापून समोर बसले. "दे इकडं बोट. कानससुद्धा आहे माझ्याकडे."

बाईंनी हात मागे घेतला. "अहो, शाई खरवडून मत द्यायला येतात ते कोण लोक असतात, माहीत आहे ना? त्यांना पकडण्यात माझी अख्खी नोकरी सरली. आता मीच?"

"मग मत कसं देणार?"

"खरं सांगून."

"दिल्लीत?" श्रीरंगराव म्हणाले आणि लिंबाचं सरबत करून प्यायले.

चार तारखेला सकाळी कोवळं ऊन पडलं होतं. नारायणपेठ नेसून, अर्जाची प्रत पर्समध्ये घालून बाई रांगेत उभ्या राहिल्या. पाऊण तास उभं राहून त्यांना इतका आनंद झाला, की पुढच्या बाईनं मध्ये घुसवलेल्या दोन नणंदांनाही त्यांनी काही म्हटलं नाही. आत गेल्या. यादीत नाव सापडलं. शाईच्या टेबलावरच्या मुलीनं बोट बघितलं आणि ती किंचाळलीच, "सर! इनका तो पहले से लगा है!"

केंद्राध्यक्ष उठून आला. शशिकांत त्यागी! बाईंना हायसं वाटलं. त्याला मात्र घाम फुटला.

"मॅडम, आप?"

बाईंनी सगळं सांगितलं, अर्ज दाखवला. त्यानं तो दोन्ही बाजूंनी वाचला. मग अपराध्यासारखा हळूच म्हणाला, "मॅडम, इस पर रिसीव्ड लिखा है. मंजूर नहीं लिखा. और आपने ही कहा था, सास भी आ जाए तो भी नहीं."

पोरगा बरोबर होता. त्याला धपाटा घालावा की शाबासकी द्यावी, हे बाईंना कळेना. "बराबर," त्या म्हणाल्या. "अपने सेक्टर ऑफिसर को फोन करो. डायरी में लिखो. मैं बाहर बैठती हूँ."

त्या बाहेर शाळेच्या बाकावर उन्हात बसल्या. श्रीरंगराव मत देऊन, बोट मिरवत आले, पण बायकोचा चेहरा बघून त्यांनी बोट खिशात घातलं आणि शेंगदाण्यांचा पुडा आणला. अकरा वाजले, एक वाजला, तीन वाजले. दहाबारा केंद्रं सांभाळणारा सेक्टर ऑफिसर दुसऱ्या केंद्रावर बंद पडलेल्या मशीनमागे अडकला होता.

"घरी जाऊ या का, हेमा?" श्रीरंगराव म्हणाले. त्यात थट्टा नव्हती.

"पाचला बंद होतं केंद्र. पाचपर्यंत बसणार."

चार वाजता सेक्टर ऑफिसर आला. त्यानं अर्ज वाचला, प्रभाला फोन लावून खात्री केली आणि बाईंना आत बोलावलं. "पार्टीवालों को ऐतराज़ न हो, तो बीच की उँगली पर लगाकर वोट दिला दो. लिख लेना."

पक्षांचे तीन प्रतिनिधी सकाळपासून एकमेकांशी खिडकीतल्या उन्हावरूनही भांडत होते. दोघांनी लगेच माना हलवल्या. तिसरे दीनानाथजी, सत्तरीचे, कानटोपी घातलेले, चष्मा वर करून बाईंकडे निरखून बघू लागले.

"मुझे ऐतराज़ है," ते म्हणाले. "ये शाहदरा में थीं, अठ्ठानवे में. मैं वहाँ एजंट था. मेरे सगे भाई को इन्होंने लौटा दिया था. उसकी उँगली पर मेहंदी थी मेहंदी! सारे मोहल्ले में हँसी हुई."

पाच वाजायला चाळीस मिनिटं उरली होती.

"मॅडम बस इतना कह दें," दीनानाथजी खुर्चीत मागे रेलले, "कि मेहंदी थी, इनसे गलती हुई. मैं अभी दस्तखत करता हूँ."

शशिकांत बाईंकडे आशेनं बघू लागला. दारातून श्रीरंगराव डोळ्यांनी खुणावत होते, म्हण, म्हणून टाक. पंधरा वर्षांपूर्वीची मेंदी! कुणाचं काय जाणार होतं?

बाईंनी डोळे मिटले आणि ते बोट आठवलं. त्यांना बोटं आठवत. "लंबे थे आपके भाई. अंगूठी थी, लाल पत्थर की," त्या म्हणाल्या. "मेहंदी ऊपर से लगाई थी, भाईसाहब. नीचे स्याही थी. गलती नहीं हुई थी."

श्रीरंगरावांनी कपाळाला हात लावला.

दीनानाथजींच्या कानटोपीच्या आतून हसू फुटलं, आणि इतकं वाढलं की त्यांना खोकला आला. "लाल पत्थर! हाँ जी, थी. दो बूथ पर नाम था नालायक का. मेहंदी उसने मेरे ही घर में लगाई थी." त्यांनी पेन काढलं. "लाओ बेटा कागज़. इनकी उँगली पर शक करूँगा, तो ऊपर जाकर भाई ही मारेगा मुझे."

सह्या झाल्या. टेबलावरच्या मुलीनं बिचकत बाईंचं मधलं बोट चिमटीत धरलं. बाईंना राहवेना. "घाबरू नकोस," त्या मराठीतच म्हणाल्या आणि मग हिंदीत, "नाखून से शुरू करो. चमड़ी तक लाओ. हाँ. अब फूँक मत मारना, अपने आप सूखेगी."

मग त्या पुठ्ठ्याच्या आडोशामागे गेल्या. ज्या मशीनचा 'पीं' आवाज त्यांनी हजारो वेळा टेबलापाशी बसून ऐकला होता, ते त्यांच्यासमोर होतं, आणि त्याच्यावर दुसऱ्या कुणाचाच हक्क नव्हता. एक मिनिट गेलं. दुसरं गेलं.

"मॅडम," बाहेरून शशिकांत चाचरत म्हणाला, "बटन दबा दीजिए. लाइन लगी है."

"बेटा," आतून आवाज आला, "तैंतीस साल से मैं लाइन को आगे बढ़ा रही हूँ. आज ज़रा लाइन मेरे लिए रुके."

आणि मग पीं वाजलं, लांबलचक.

बाहेर येऊन त्यांनी दोन्ही जांभळी बोटं श्रीरंगरावांच्या नाकासमोर धरली.

"दोन?" श्रीरंगराव म्हणाले. "मला एकच मिळालं."

"तुम्ही शिकवायला कुठं गेला होतात?" असं म्हणून हेमलताबाईंनी त्यांच्या हातातला शेंगदाण्यांचा पुडा घेतला आणि चालायला लागल्या.