फ्लास्कच्या झाकणातली गोळी

लंडनमध्ये हॅरोहून निघणाऱ्या ट्रेनमध्ये तो युगांडाचा फार्मासिस्ट रोज माझ्यासमोर बसायचा. नाव मी कधी विचारलं नाही. फ्लास्कच्या झाकणात कोमट पाणी ओतून तो त्यात एक गोळी टाकायचा आणि घड्याळाकडे बघत पाय हलवत राहायचा. गोळी त्याच्या युगांडातल्या गावी सुरू झालेल्या नव्या औषध कारखान्याचा नमुना होती. ती पंधरा मिनिटांत विरघळायला हवी होती, पण फिंचली रोड स्टेशन आलं तरी तशीच असायची.

एकदा मी म्हटलं, “एवढी काळजी कशाला? भारतातून जातात की तिकडे गोळ्या. आमचीच कंपनी पाठवते.”

“तुमची बोट लांबली की गावाकडे माझी बहीण एक गोळी दोन दिवस पुरवते,” तो म्हणाला.

त्याच दिवशी ऑफिसात युगांडाला जाणाऱ्या मालापुढे मी ‘दोन आठवडे उशीर’ असं टाइप केलं.

दुसऱ्या दिवशी ट्रेनमध्ये मीही घड्याळ काढून त्या झाकणात वाकून बघत होतो.