दुसऱ्यांदा येणारी ओळ

वैजयंती मायदेव लीड्सला आल्या तेव्हा त्यांच्याबरोबर एक नवरा, दोन बॅगा आणि एक तंबोरा होता. नवरा म्हणजे डॉक्टर चंद्रशेखर, हॉस्पिटलात भूल देणारे. ते आणि बॅगा सुखरूप पोचल्या, तंबोऱ्याचा भोपळा मात्र वाटेत तडकला. भ्रमाचा भोपळा फुटतो असं म्हणतात, इथे खराखुराच फुटला. मिरजेला विष्णूबुवांच्या समोर बसून नऊ वर्षं घासलेला गळा होता बाईंचा. तंबोरा लॉफ्टवर गेला आणि त्याच्या मागोमाग गाणंही गेलं.

अगदीच प्रयत्न केला नाही असं नाही. एकदा सकाळी खर्ज लावला, तर भिंतीपलीकडची शेजारीण दार वाजवून विचारायला आली, घरात कुणाला बरं नाहीये का? बिचारीने विचारलं मायेनेच. पण भूल देणाऱ्याच्या घरात गळा कायमचा झोपला तो त्या दिवशी.

मुलगी झाली, सुप्रभा. ती शाळेत कौन्सिलच्या टीचरकडे चेलो, म्हणजे खुर्चीत बसून वाजवायचं खर्जातलं मोठं व्हायोलिन, शिकली आणि चांगली वाजवायला लागली. तिच्या कॉन्सर्टना बाई शाल पांघरून पहिल्या रांगेत बसत आणि टाळ्या वाजवत. आईच्या गाण्याबद्दल मुलीला ठाऊक होतं ते एवढंच, की फोडणी करताना आई काहीतरी गुणगुणते आणि स्वयंपाकघरात कुणी आलं की थांबते. बाईंची आता एकच इच्छा उरली होती. या पोरीने आपलं गाणं एकदा ऐकावं. "बैस, ऐक" म्हणून बसवून नाही, आपसूक, भरलेल्या सभेत ऐकावं. ही इच्छा त्यांनी नवऱ्यालाही सांगितली नव्हती.

मन रमावं म्हणून त्या जवळच्या चर्चच्या हॉलमध्ये जमणाऱ्या हौशी ऑपेरा ग्रुपात जायला लागल्या. आवाज ढाला, खालच्या पट्टीतला, म्हणून त्यांना ऑल्टोंमध्ये उभं केलं. ऑल्टो म्हणजे ज्यांच्या वाट्याला चाल कधीच येत नाही अशा बायका. चाल वरच्या बायकांची, टाळ्या त्यांच्याच; ऑल्टोंनी मधे उभं राहून भिंत धरायची. बाईंनी भिंत धरली. त्यांचा सूर एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जायचा, त्याबद्दल ग्रुपचे कंडक्टर मिस्टर ॲटकिन्सन दर मंगळवारी अदबीने टोकत. इथे स्वर म्हणजे जिन्याच्या पायऱ्या, पाय उचलून ठेवायचा. मिरजेत ज्या घसरत्या मींडेसाठी बुवांनी वर्षभर रडवलं, ती विसरायला बाईंना लीड्समध्ये सहा वर्षं लागली. इतकं करून ती विसरली नाहीच.

एकोणनव्वद साली ॲटकिन्सननी फार जुना इटालियन ऑपेरा बसवायला घेतला. सुप्रभा तेव्हा अठराची, उन्हाळा संपला की इंजिनिअरिंगसाठी ब्रिस्टलला जाणारी. चेलोला माणूस हवा होता म्हणून तीही वाद्यवृंदात आली. आणि राजकन्येच्या म्हाताऱ्या दाईचं काम करणाऱ्या गायिकेचा घोटा मोडला. दाईला ढाला आवाज लागत होता. ॲटकिन्सननी ऑल्टोंकडे पाहिलं आणि काम वैजयंतीबाईंना दिलं.

दाईला एकच गाणं होतं. ॲटकिन्सननी ते समजावून सांगितलं: आधी पहिला भाग, मग दुसरा, मग परत पहिलाच, पण दुसऱ्यांदा येताना तो जसाच्या तसा गायचा नाही. त्या जुन्या काळी गाणारा आपल्या मनाने त्यात भर घाली, आणि लोक तेवढ्यासाठीच येत. बाईंनी हे तीनदा विचारून घेतलं. मनाने म्हणजे? कागदावर नाही? मग ते कुठे गेलं सगळं? ॲटकिन्सन हसले. गाणारे फार माजले, म्हणाले, आणि रचना करणारे फार चिडले. शंभरेक वर्षांत त्यांनी एकेक स्वर लिहून टाकला, मग गाणाऱ्याला सांगायला काही उरलंच नाही.

बाई घरी आल्या त्या तरंगतच. म्हणजे यांच्याकडेही होतं हे! अस्ताई, अंतरा, आणि नव्या वाटेने पुन्हा अस्ताईवर. आपण या ग्रुपात तेरा-चौदा वर्षं, परक्या घरात पाहुण्यासारख्या अंग चोरून बसलो, आणि त्याच घराच्या माळ्यावर आपल्यासारखंच काहीतरी पडलेलं होतं. त्यांनी हे डॉक्टरांना सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "वैजू, गाढवाला गुळाची चव काय? पण तू गा. मी सुट्टी काढतो."

भर घालायला चार मात्रांचे चार तुकडे ठरले. त्या जागी बाकीची वाद्यं गप्प राहणार, फक्त पियानोच्या जातीचं हार्पसिकॉर्ड आणि चेलो चालणार. चेलोचा तो खालचा स्वर नेमका पांढरी पाच निघाला. बाईंचा षड्ज तोच, बुवांनी पहिल्या दिवशी लावून दिलेला.

शुक्रवारी हॉल भरला. बाई टोपडं घालून पुढे आल्या, मनात बुवांचं नाव घेतलं आणि हात आपोआप कानाच्या पाळीला गेला. लोकांना वाटलं दाई बहिरी आहे, ते खुशीत हसले. पहिला भाग झाला, दुसरा झाला. परत पहिल्यावर येताना वाद्यं गप्प झाली आणि खालून पोरीचा षड्ज उभा राहिला. बाईंनी ओळ घेतली. नव्या वाटेने घेतली, घसरत, थांबत, वर जाऊन परत येत. चार तुकडे संपले. आणि बाईंनी ती ओळ पुन्हा घेतली.

मिरजेत शिकलेल्या कुठल्याही मुलीने हेच केलं असतं. ओळ हाती लागली की ती दहा अंगांनी फिरवायची, साथ करणारे तिथेच थांबून वाट पाहतात, समेवर भेट होते. इथे कुणी थांबलं नाही. कागदात लिहिलं होतं त्याप्रमाणे व्हायोलिनं पुढे निघून गेली, हार्पसिकॉर्ड त्यांच्या मागे गेलं, चेलो अडखळला आणि तोही गेला. बाई एकट्या मागे राहिल्या. ॲटकिन्सनचा हात हवेत तसाच राहिला, सगळे थांबले, मग शेवटच्या तुकड्यापासून पुन्हा सुरू झाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या, घसरून पडलेल्याला उठवताना माणसं वाजवतात तशा. देव देतो आणि कर्म नेतं.

ॲटकिन्सन रागावले नाहीत. सुंदर होतं, म्हणाले, पण वाद्यवृंदाला तुमच्या मागे येता येत नाही. उद्या चारच तुकडे, प्लीज. बाईंनी माफी मागून शब्द दिला. गाडीत सुप्रभा खिडकीबाहेर बघत बसली होती. बाईंना वाटलं, पोरीला चारचौघांत मान खाली घालायला लावली आपण.

शनिवारी शेवटचा प्रयोग. बाईंनी चार तुकडे घेतले, नीट, पाय उचलून ठेवत, आणि ओळ संपवून तोंड मिटलं. व्हायोलिनं निघाली. चेलो निघाला नाही. सगळे पुढे गेले तरी तो खालचा षड्ज तिथेच धरून होता. ॲटकिन्सननी डाव्या हाताने खूण केली, तरीही. बाईंनी वाकून पाहिलं. सुप्रभाचे डोळे कागदावर नव्हते, आईकडे होते. बाईंना कळलं. पण शब्द दिलेला होता. पाहता पाहता गाणं संपलं.

कपडे बदलताना सुप्रभा आत आली. "आय वॉज होल्डिंग इट फॉर यू, आई," ती म्हणाली. "मी थांबलेली होती. तू आलाच नाही."

बाईंनी पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला, हाताला लागलेला मेकअप तिच्या केसांना लागला.

ऑक्टोबरात सुप्रभा ब्रिस्टलला गेली. गाडीची मागची सीट पाडून चेलो गेला. घरात त्याची जागा रिकामी दिसायची. तिथे बाईंनी कुंडी ठेवून पाहिली आणि उचलून घेतली.

होस्टेलच्या कॉरिडॉरमध्ये एक सार्वजनिक फोन होता, त्यावर रविवारी सकाळी बाई फोन करत. जेवतेस का, थंडी किती, एवढंच बोलणं व्हायचं. एका रविवारी सुप्रभा म्हणाली, "थांब हं. फोन ठेवू नको." काहीतरी जड ओढत आणल्याचा आवाज आला, कुणीतरी जाता जाता तिला काही विचारलं, ती हसून काही बोलली. रिसीव्हर खुर्चीवर ठेवल्याचं कळलं. मग पांढरी पाच सुरू झाली.

तारेतून येणारा स्वर बारीक झाला होता, पण हलत नव्हता. डॉक्टरांनी हातातलं वर्तमानपत्र खाली ठेवलं. बाईंनी कानाची पाळी पकडली. भिंतीपलीकडे शेजारीण घरात होती, असू दे. त्यांनी बुवांची बंदिश घेतली, पहिली ओळ, अंतरा, आणि हळूहळू वळत परत पहिल्या ओळीवर आल्या. तिथे पोचताना त्या क्षणभर थबकल्या आणि कान देऊन ऐकलं.

षड्ज तिथेच होता. मग त्यांनी ती ओळ पुन्हा घेतली.