शेवटच्या पायरीचा इंच

त्यांना सगळे ओळंबे म्हणत. ते काही आडनाव नव्हतं. चव्वेचाळीस वर्षं गवंडीकाम केलेला हा माणूस कुणाच्याही घरी गेला की आधी भिंती बघायचा, मग माणसं. खिशात दोरीला वजन लावलेला ओळंबा कायमचा.

"पहिल्यांदा आमच्या घरी आलात," बायको म्हणायची, "तेव्हा माझ्याकडे नाही, दाराच्या चौकटीकडे बघत होतात."

"चौकट वाकडी होती. तू सरळ होतीस. सरळ असतं तिकडे कशाला बघायचं?"

बायकोने हे बोलणं कौतुक म्हणून घेतलं होतं. दुसरा इलाजही नव्हता.

गुडघे बोलायला लागले तेव्हा ओळंब्यांनी पराती-फावडं सोडलं. पण पूर्ण घरी बसणं त्यांना जमणारं नव्हतं. आठवड्यातले दोन दिवस ते इतरांची कामं तपासायला जात. उरलेले पाच दिवस ते तपासणं जेवणाच्या टेबलावर चालू राही. कुठल्या चौकातला फुटपाथ खचला, कुठल्या इमारतीच्या गच्चीवरचं पाणी उलट वाहतं. शेवटी एकदा मुलीने चमचा खाली ठेवला.

"बाबा, हे सगळं लिहा. आम्हाला गरम जेवायला मिळेल."

तिने त्यांना ब्लॉग उघडून दिला. त्यांनी नाव दिलं 'ओळंब्यात'. नियमही घालून घेतले. दर रविवारी सकाळी एकच लेख. ज्यावर लिहायचं ते स्वतः जाऊन, टेप लावून मोजायचं. कुणाचं नाव घ्यायचं नाही. ऐकीव तर काहीच लिहायचं नाही. टाइप करायला डाव्या हाताचं एकच बोट, कारण उजव्या हाताच्या बोटांना अक्षरं लहान पडत. दहा ओळींना दोन तास लागत. त्याची त्यांना तक्रार नव्हती. दोन तासांत दहा ओळी म्हणजे विटांच्या थरांपेक्षा फार हळू नाही, असं ते म्हणत.

दीड वर्षात एकसष्ट वाचक जमले. लोक हसतील असा आकडा. ओळंब्यांना मात्र तो मोठा वाटे. साइटवर चार माणसं समोर उभी असून ऐकत नव्हती. इथे एकसष्ट जण कुणी न बोलावता येतात, वाचतात, वर 'काका, आमच्या बाथरूमचा उतार बघा हो' असं लिहितात. रविवारी लेख गेला की ते खुर्चीत मागे टेकत आणि म्हणत, "ऐकतात बघ लोक." बायको म्हणे, "त्यांना तुमच्याबरोबर राहायचं नसतं ना."

एकदा ते बायकोची पुस्तकं बदलायला वाचनालयात गेले. वर्षभरापूर्वीच ते या इमारतीत आलं होतं. पुढे काच, आत पांढरा रंग, कोपऱ्यातून वर जाणारा सरळ जिना. ओळंबे पाच पुस्तकं छातीशी धरून वर चढले आणि शेवटच्या पायरीला ठेचकाळले. दोन पुस्तकं वर पोचली, तीन खाली गेली.

"लागलं का काका?" ग्रंथपाल बाई धावत आल्या. "सगळेच अडखळतात इथे. मीही दोनदा पडले."

ओळंब्यांनी पुस्तकं उचलायच्या आधी टेप काढला.

त्या रविवारी लेख गेला.

'वाचनालयाचा जिना. सतरा चढ. सोळा चढ साडेसहा इंचांचे, शेवटचा साडेसात. पाय डोळ्यांनी चढत नाही, सवयीने चढतो. त्याला सोळा वेळा एक उंची शिकवायची आणि सतराव्या वेळी फसवायचं, ही थट्टा झाली. वरच्या मजल्यावर किती जाड लादी बसणार हे न विचारता कुणीतरी पायऱ्यांच्या खुणा मारल्या. विचारायला अर्धं मिनिट लागतं. ज्याला तेवढेही कष्ट नकोत, त्याने थापी हातात धरू नये.'

सकाळी अकरापर्यंत नऊ प्रतिक्रिया. 'काका, बरोबर कान धरलात.' 'असा माणूस प्रत्येक इमारतीला हवा.' ग्रंथपाल बाईंचा फोन आला, की लेख वाचला, आभारी आहे, आता येऊन उपायही सांगाल का? ओळंब्यांची छाती दोन सुतं, म्हणजे पाव इंच, पुढे आली.

दुपारी दारात लादीवाला उभा राहिला. सव्वीस वर्षं दोघांनी साइटवर जोडीने काम केलेलं. पुढे गवंडी, मागे लादीवाला. त्याचेही गुडघे गेलेले. दोन मजले चढून त्याला धाप लागली होती.

"वहिनी, पाणी द्या. आणि याला आधी खाली बसवा, पडेल."

"मी कशाला पडतोय?"

"सुनेने तुझा लेख वाचून दाखवला. तो जिना कुणी बांधला, माहीत आहे का?"

"कुणी का असेना. नाव घ्यायचं नाही हा माझा नियम."

"चांगला नियम आहे. तुलाच कामी आला."

"म्हणजे?" ओळंब्यांनी विचारलं.

"अरे, गोदाम होतं ते तेव्हा. पुढे लोखंडी शटर, वर ऑफिस. एकतीस वर्षं झाली. जिना तुझा, लादी माझी."

शटर म्हटल्यावर ओळंब्यांना आठवलं. भरदुपारीही दिवा लावून काम करावं लागलं होतं. मग पुन्हा तिकडे जाणंच झालं नव्हतं.

"वर पातळ लादी ठरली होती," ते हळूच म्हणाले.

"ठरली होती. साहेबाने ऐनवेळी जाड दगडी आणवली. मी तुला सांगायला आलो. तू म्हणालास, 'लादीचं तू बघ, जिन्याचं मी बघतो.'"

"हे अगदी यांचंच वाक्य," बायको स्वयंपाकघरातून म्हणाली.

"मग दुसऱ्यांदा का नाही सांगितलंस?"

"राग आला. म्हटलं, घे. लादी बसवली नि निघालो. अर्धा इंच तुझा, अर्धा माझा." त्याने पाण्याचा पेला संपवला. "पण त्यानंतर तुझ्या एका तरी जिन्याला असं झालं?"

"नाही."

"का नाही झालं? खुणा मारायच्या दिवशी मी सकाळी येऊन आधी लादीची जाडी सांगायचो. आठवतं? 'अमुक सूत लादी आहे रे.' तू मान हलवायचास."

ओळंब्यांना आठवत होतं. चांगलंच आठवत होतं. "मला वाटायचं, तुला बडबडायची सवय आहे."

"सवय नव्हती. लावून घेतली."

चव्वेचाळीस वर्षं ओळंब्यांच्या जिन्यांचं नाव होतं. त्यातली बरीच वर्षं हा माणूस ते नाव खालून धरून उभा होता आणि त्यांना पत्ता नव्हता.

"एवढी वर्षं गप्प होतास. मग आज कशाला सांगतोस?"

"तू लिहिलंस ना, अशा माणसाने थापी हातात धरू नये. तुझ्याबद्दल कुणी असं बोललेलं मला खपत नाही. तू बोललास तरी."

लादीवाला गेल्यावर मुलगी संगणकाजवळ आली. "बाबा, लेख काढून टाकू? एका बटणाचं काम आहे. कुणाला कळणारही नाही."

ओळंबे पडद्याकडे बघत होते. एकसष्ट माणसं. या माणसाचं माप खरं असतं, एवढ्याच भरवशावर ती येत होती. आपणच चुकलो असं सांगितलं तर किती उरतील कुणास ठाऊक. आणि न सांगावं, तर पुढच्या रविवारी कुठल्या तोंडाने टेप लावायचा?

"वाकडी भिंत रंग देऊन झाकत नाहीत," ते म्हणाले. "खुर्ची दे."

सात ओळींना तीन तास लागले. मागच्या लेखातलं एक अक्षर त्यांनी पुसलं नाही. खाली लिहिलं:

'तो गवंडी मी. एकतीस वर्षांपूर्वी. लादीची जाडी मी विचारली नव्हती. जोडीदार सांगायला आला, त्याचंही ऐकलं नाही. त्यानंतर माझे जिने सरळ आले ते त्याच्यामुळे. त्याचे आभार आज मानतो, उशिराच. जिना आम्ही दोघं दुरुस्त करू.'

सोमवारी आकडा अठ्ठावन्न झाला होता. मुलीला वाईट वाटलं. ओळंबे म्हणाले, "तिघांचंही बरोबर आहे." ते बराच वेळ अठ्ठावन्नकडे बघत बसले. हे गेले नाहीत, याचंच त्यांना नवल वाटत होतं.

ग्रंथपाल बाईंचा पुन्हा फोन आला. ओळंब्यांनी घसा साफ केला. "वाचलंत ना? चूक माझीच आहे."

"वाचलं. म्हणून तर विचारतेय, कधी येताय?"

तीन दिवस जिना बंद ठेवला. वरचा मजला खोदायचा तर सगळी कपाटं हलली असती. दोघांनी दुसरी वाट काढली. जास्तीचा इंच म्हणजे आठ सुतं. वरच्या तीन पायऱ्यांच्या लाद्या काढल्या आणि सहा, चार, दोन सुतं उचलून पुन्हा बसवल्या. शेवटच्या चार चढांत प्रत्येकी दोन सुतं आली. एवढं पायाला कळत नाही. ओळंबे मसाला पसरायचे, लादीवाला उशीवर गुडघे टेकून लादी ठोकायचा.

"जाडी विचार," लादीवाला दर वेळी म्हणायचा.

"किती आहे रे बाबा?"

"आता कसं!"

जिना उघडला त्या दिवशी ओळंब्यांनी बायकोला पुस्तकं घेऊन पाठवलं आणि खाली उभे राहिले. ती शेजारणीशी फोनवर बोलत सतरा चढ चढली, वर गेली, दिसेनाशी झाली. पायाकडे तिने एकदाही पाहिलं नाही. लादीवाल्याने ओळंब्यांना कोपराने ढोसलं.

रविवारी लेख गेला. संध्याकाळी ओळंब्यांनी आकडा पाहिला. एकोणसाठ. नवा वाचक कोण ते बघायला त्यांनी प्रतिक्रिया उघडल्या. सुनेच्या मोबाइलवरून लादीवाल्याने लिहिलं होतं:

'वरून दुसऱ्या पायरीचा सांधा डावीकडे भरायचा राहिलाय. आज जाऊन बघितला.'

ओळंब्यांनी तो सांधा तीन वेळा तपासला होता. तरी सोमवारी सकाळी वाचनालय उघडायच्या वेळेला ते थापी घेऊन निघाले.

सांधा खरंच राहिला होता. करंगळीच्या पेराएवढा. त्यांनी तो भरला, फडक्याने पुसला आणि तिथेच पायरीवर बसून मोबाइलवर एका बोटाने उत्तर लिहिलं:

'भरला. उपकार झाले.'