शेजाऱ्याचा पंखा

१९८८ साल, मी सहासष्ट वर्षांचा. माझा हातमाग ज्या भिंतीला लागून होता, तिच्या पल्याडचा शेजारी सुटे भाग आणून घरीच कॉम्प्युटर जोडत होता. बाकी सारं त्यानं जुनं, स्वस्तातलं घेतलं. आतला पंखा मात्र सीताबर्डीच्या बाजारातून बदलून बदलून आणला. प्रत्येक पंखा चालवून, डोळे मिटून ऐके.

"काहून गा, पंखा गाणं म्हणते काय?" मी डिवचलं.

तो नेहमीसारखाच हळू बोलला, "आईचा आवाज लय बारीक झाला, काका. मशीन चालू असली तरी तिची हाक ऐकू आली पाहिजे मले."

माझ्या मागाच्या खटखटीबद्दल त्यानं कधीच चकार शब्द काढला नव्हता. तेव्हाही नाही काढला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी माग सुटा केला आणि रस्त्याकडच्या खोलीत नेऊन मांडला.