मामाजींची बांधी आणि माझी फोर-लो

माझ्या गाडीला फोर-व्हील ड्राइव्ह आहे, हे गोंदिया जिल्ह्यात ज्याला ठाऊक नसेल तो माणूस एक तर परगावचा असावा, नाही तर मला टाळत असावा. मी शाळेत भूगोल शिकवतो आणि फुलचूरला राहतो. घर ते शाळा या वाटेत डोंगर नाही, नदी नाही, वाळवंट तर नाहीच. चढ म्हणावा असा एकच, आमच्या गल्लीतला स्पीडब्रेकर! (तोही मी कधी कधी फोर-लो टाकून चढतो. फोर-लो म्हणजे गाडीची अशी अवस्था, की चारही चाकं हळूहळू पण नेटानं ओढतात. गल्लीतली पोरं बघायला थांबतात. मागचा रिक्षावालाही थांबतो, पण त्याचं बोलणं इथं लिहिण्यासारखं नाही.)

असं सगळं सुखात चाललं असताना माझ्या साळ्यानं, म्हणजे माझ्या बायकोच्या, सुनंदाच्या, धाकट्या भावानं, दुसऱ्या कंपनीची फोर-व्हील घेतली. प्रवीणची तिरोड्याला राइस मिल आहे. माझी गाडी तीन दारांची, त्याची पाच दारांची. त्या दिवसापासून आमच्या घराण्यात बारसं असो, साक्षगंध असो, आम्ही दोघं एका कोपऱ्यात आणि बाकीचं घराणं दुसऱ्या कोपऱ्यात, अशी बैठक ठरून गेली.

"भाऊजी, तुमच्या गाडीत मागं बसाचं म्हंजे सर्कशीत भरती व्हा लागते!"

"आणि तुझी गाडी वळवायची म्हणजे ग्रामपंचायतीचा ठराव लागतो!"

प्रवीणचं म्हणणं तसं अगदीच खोटं नव्हतं. सासूबाईंना एकदा मी मागच्या सीटवर बसवून लग्नाला नेलं होतं. चढल्या कशाबशा. पण मांडवापाशी पोचल्यावर उतरायचं नावच घेईनात. "अक्षता मले इथंच आणून द्या," म्हणाल्या. एका तेरवीला तर आम्ही पंगतीत बसून पत्रावळीवर भाताचा डोंगर रचला आणि कोणाची गाडी किती उभा चढ चढते ते बोटांनी दाखवू लागलो. वाढपी वरण घेऊन आला तेव्हा प्रवीण त्याला म्हणाला, "थांब गा, थोडं थोडं टाक. पाण्यात कोणाची गाडी किती खोल जाते तेही पाहून घेऊ." ज्यांच्या घरची तेरवी होती ते गृहस्थ उठून दुसऱ्या पंगतीत जाऊन बसले.

पण खरी गोष्ट मामाजींची आहे. मामाजी म्हणजे माझे सासरे. सडक अर्जुनीजवळ त्यांची धानाची शेती. लग्नाला इतकी वर्षं झाली, जवाई म्हणून त्यांनी मला पाटावर बसवलं, पहिली पुरी माझ्या ताटात वाढली, टोपी-दुपट्टा दिला. मत मात्र कधी विचारलं नाही! घराला रंग कोणता, बैल कोणता, सगळं प्रवीणला विचारून. घरात भूगोलाचा मास्तर असताना बोअर कुठं मारायचा हेसुद्धा नारळ घेऊन फिरणाऱ्या माणसाला विचारलं. मला ते लागायचं. खरंच लागायचं.

म्हणून आषाढात मामाजींचा फोन आला तेव्हा मी उभा राहून बोललो.

"जवाईबापू, जुनी जीप इकून राहिलो. शेतासाठी फोर-व्हील घ्याव म्हनतो. तुमच्यासारखी घेऊ का प्रवीणसारखी?"

"मामाजी, माझ्याच गाडीसारखी घ्या! आता तुम्ही डिपार्चर अँगल बघितला तर..."

"अँगल घरी ठेवा जी. रविवारी सकाळी गाडी घेऊन या. दोघंही या. बांधीत दाखवा."

बांधी म्हणजे धानाच्या शेताचा, चहूकडून धुरा, म्हणजे मातीचा बांध, घातलेला एक तुकडा. मी शनिवारी गाडी धुतली. (हो, चिखलात घालायच्या आदल्या दिवशी धुतली. अभिमान असाच असतो.) सुनंदा म्हणाली, "अहो, बाबानं बलावलं म्हंजे त्याहीचं काहीतरी काम असंल." मी म्हणालो, "काम आहेच. त्यांना माझं मत पाहिजे आहे."

रविवारी सुनंदाला घेऊन पोचलो तर मामाजी धुऱ्यावर प्लास्टिकच्या खुर्चीत छत्री उघडून बसलेले. समोर नांगरून, पाणी भरून ठेवलेली मोठी बांधी. ट्रॅक्टर उतरवण्यासाठी एका बाजूचा धुरा फोडलेला, पण ट्रॅक्टर नाही.

"ट्रॅक्टरवाला कुठं गेला?" मी विचारलं.

"आपला नंबर नाही लागला अजून. साऱ्या गावाची रोवणी एकदम निंगाली. जाऊ द्या ते. तिकडच्या धुऱ्याले चाक लावून वापस या. जो येईल त्याच्यासारखी गाडी मी घेतो."

प्रवीण आधी उतरला. ऐटीत निघाला, बांधीच्या मध्यावर गेला आणि तिथंच राहिला. चाकं फिरत होती, चिखल उडत होता, गाडी मात्र जागची हलत नव्हती.

"फसला का गा?" मामाजींनी ओरडून विचारलं.

"फसलो नाही, बाबा! थांबून राहिलो!"

माझ्या आयुष्यात असे क्षण फार आले नाहीत. मी फोर-लो टाकली, धुऱ्याच्या खिंडीतून उतरलो आणि काय सांगू, गाडी चालली! प्रवीणच्या गाडीभोवती मी एक फेरी मारली. मग हॉर्न वाजवत दुसरी मारली. काच खाली करून म्हणालो, "काय प्रवीण, थांबूनच राहिला का?" नेमका त्याच वेळी त्याच्या चाकाचा एक फवारा आला आणि उघड्या काचेतून माझ्या तोंडात गेला. तरीही मी धुऱ्यावर पाहिलं. मामाजी खुर्चीतून उठून उभे राहिले होते! माझ्यासाठी!

"वा, जवाईबापू, वा! आता डावीकडून घ्या!"

मी डावीकडून घेतलं.

"तसं नाही, धुऱ्याले चिपकून! आता मांगं या! आता आडवं मारा!"

सासरा असा जातीनं शिकवतोय म्हटल्यावर मी काय मागं हटणार? पुढं गेलो, मागं आलो, आडवा गेलो, तिरपा गेलो. एव्हाना प्रवीणची गाडीही थोडी सुटली होती आणि ईर्षेनं माझ्या मागं लागली होती. आम्ही दोघं त्या बांधीत असे घुमलो, की धुऱ्यावर अर्धं गाव जमलं. इंजिन तापलं, वायपर चिखल सारून थकले. मी खिडकीतून ओरडलो, "मामाजी, झालं का समाधान?"

"झालंच जी! फक्त तो विहिरीकडचा कोपरा राहिला!"

कोपरा? परीक्षेत कोपरा कशाला लागतो?

मी विहिरीकडच्या कोपऱ्यात गेलो, आणि तिथं मात्र माझीही गाडी थांबून राहिली. (फसली नाही!) मागं वळून बघतो तर प्रवीण मध्यावर परत रुतलेला, आणि धुऱ्यावरून साडी खोचलेल्या बायांची रांग उतरतेय, हातात पऱ्ह्यांच्या, म्हणजे धानाच्या रोपांच्या पेंढ्या. पुढं शेवंताबाई. गावातल्या रोवणीच्या, म्हणजे धानाची लावणी करणाऱ्या, बाया तिच्या हाताखाली असतात. तिनं वाकून मूठभर चिखल उचलला, बोटांत मळून पाहिला आणि मामाजींना हाक दिली, "पाटील, चिखल लय मस्त झाला जी! ट्रॅक्टरनंही असा होत नाही!"

रोवणीआधी बांधीतली माती पाण्यात कालवून लोण्यासारखी मऊ करावी लागते. त्याला चिखलणी म्हणतात. ट्रॅक्टरचा नंबर लागला नव्हता. बाया मात्र ठरल्या होत्या. मामाजी शांतपणे छत्री मिटत होते. भूगोलाच्या मास्तराच्या डोक्यात आत्ता कुठं प्रकाश पडला!

"मामाजी, म्हणजे तुम्ही आमच्याकडून..."

"तुमीच त म्हनत होते, माझी गाडी चिखलात चांगली चालते. मी कायले नाही म्हनू?"

बाया तोवर रोवत रोवत प्रवीणच्या गाडीपर्यंत पोचल्या आणि तिला वळसा घालून पुढं सरकल्या. प्रवीण दार उघडून पाय बाहेर काढायला गेला तशी शेवंताबाई कडाडली, "पाय नोको ठेवू! रोवलेलं तुडवशीन त पाहाय!" त्यानं पाय आत घेतला. रोवलेलं तुडवायचं नसतं, मग मालकाचा पोरगा असो की आणखी कोणी. गाड्या आता ट्रॅक्टरनंही ओढता येत नव्हत्या. दिवाळीला धान कापल्यावरच आपण घरी जाणार, असं मला वाटू लागलं.

शेवटी शेवंताबाईनंच तोडगा काढला. प्रत्येक गाडीपासून धुऱ्यापर्यंत एक पट्टा न रोवता सोडला आणि बायांनीच ढकलायचं ठरवलं. पण जवाई फुकट बाहेर कसा काढायचा? आधी मला उतरवून कपाळापासून कोपरापर्यंत चिखल माखला, चहा-भज्यांचं कबूल करून घेतलं, मग जोर लावला. सुनंदा धुऱ्यावर पोट धरून हसत होती. माझी गाडी आठ बायांत निघाली. प्रवीणच्या गाडीला दहा लागल्या! हा निकाल मी तिथल्या तिथं, चिखलातच उभा राहून जाहीर केला.

"भाऊजी, तुमची कोपऱ्यात होती!" प्रवीण ओरडला. "धुरा जवळ होता! आणि मले ढकलणाऱ्या दोघी हसूनच राहिल्या होत्या, त्या धरू नका!"

गाडी धुणाऱ्यानं नंतर माझ्या बॉनेटखालून दोन हिरवीगार रोपं काढली आणि माझ्या हातात ठेवली. मामाजींनी नवी गाडी घेतलीच नाही. म्हणाले, "कायले घेऊ? दोन हायेत ना घरच्या." प्रवीण महिनाभर त्यांच्याशी बोलला नाही. मी बोललो, कारण रागावण्यासाठीही आधी कोणी आपलं मत खरोखर विचारलेलं असावं लागतं, अशी माझी समजूत.

यंदा रोवणीच्या तोंडावर त्यांचा पुन्हा फोन आला. या वेळी फक्त मला! "जवाईबापू, उद्या गाडी घेऊन येता का? तुमच्याच गाडीचं काम हाय." मी रजा टाकली, स्टाफरूममध्ये सगळ्यांना सांगितलं, सुनंदाला तर दोनदा सांगितलं.

"अन् प्रवीणले नाही बलावलं?" तिनं विचारलं.

"नाही!" मी छाती काढून म्हणालो. "मामाजी म्हणतात, त्याच्या गाडीनं चिखलात ढेकळं राहतात!"