रिसेप्शनची बाई नव्हे

शारजात अल मजाजला आमच्या बिल्डिंगजवळच्या इन्स्टिट्यूटमध्ये मी नव्वदच्या दशकाच्या अखेरीस डेटाबेस शिकवायचे. वर्गात बहुतेक आपलेच भारतीय, आणि एक कोलंबियाची बाई. मुलखाची हुशार! स्पॅनिशमध्ये पुटपुटत क्वेरी लिहायची आणि पहिल्या फटक्यात उत्तर काढायची.

तिच्या नवऱ्याने दुसरीकडे संसार थाटला होता. व्हिसा त्याच्या नावावर. तो रद्द व्हायच्या आत हिला नोकरी लागली, तर मुलीचं शाळेचं शेवटचं वर्ष इथे पार पडणार. नाहीतर खलास, मायलेकी विमानात.

सीव्ही मी स्वतः बसून करून दिला. फोन यायचे, पण सगळे रिसेप्शनसाठी. फिलिपिनो लोकांची आडनावंही स्पॅनिशच, त्यामुळे तिचं आडनाव वाचून सगळ्यांना ती फिलिपिनो वाटायची, आणि फिलिपिनो बाई म्हणजे हसून फोन उचलणारी, हे इथल्या ऑफिसांनी ठरवूनच टाकलेलं. एका मॅनेजरला मी फोनवर झापलं, "अहो, ती प्रोग्रामर आहे, प्रोग्रामर!" तो म्हणाला, "यस मॅडम, बट शी कॅन सिट ॲट द फ्रंट ऑल्सो."

मग ह्यांच्याच ऑफिसात जागा निघाली. दुबईची ट्रेडिंग कंपनी, गोदामातल्या मालाचा डेटाबेस सांभाळायला माणूस हवा होता. मी ह्यांच्या मागे भुणभुण लावली. "इन्शाल्ला, होऊन जाईल," हे म्हणाले. मी तिला ऑफिसचं नाव सांगितलं, आता दुसरीकडे धावू नकोस म्हटलं. तिने मला घट्ट मिठी मारली.

त्याच आठवड्यात ठाण्याहून नणंदेचा फोन आला. भाचा बी.कॉम. होऊन घरी बसलाय, दादा काहीतरी कर. पुढचं काय सांगायचं! व्हिजिट व्हिसावर भाचा आला, हॉलमधल्या सोफ्यावर झोपला आणि रविवारी (इथे सुट्टी शुक्रवारची) ऑफिसला जाऊन त्याच जागेवर लागलासुद्धा.

मी घर डोक्यावर घेतलं. "त्याला टेबल म्हणजे जेवायचं तेवढंच ठाऊक आहे, डेटाबेसचं नाही!" हे शांतपणे पेपर चाळत होते. "अगं, प्रत्येक जण आपापलं माणूस बघतो. केरळवाले नाही बघत? तिचं इथे कोण आहे?" मग म्हणाले, "आणि तू शिकवतेसच की. त्यालाही शिकव."

कोण आहे म्हणे! मी होते ना. पण माझी पोच किती, ते मला तेव्हा कळलं.

भाचा संध्याकाळच्या बॅचला येऊ लागला, तिचा कोर्स संपला होता, हा नेमका तिच्या रिकाम्या खुर्चीत बसू लागला. तिला सांगायचं म्हणून मी रोज फोन हातात घ्यायचे आणि ठेवायचे. शेवटी तीच इन्स्टिट्यूटमध्ये आली, निरोप घ्यायला. व्हिसा संपत आला होता, तिकिटं काढली होती. "टीचर, त्या ऑफिसातून अजून काही कळलं नाही ना?" मी नुसतीच नकारार्थी मान हलवली.

जाताना तिचं लक्ष भाच्याकडे गेलं. इंग्रजीत म्हणाली, "तुझी टीचर फार चांगली आहे. नीट शीक, नोकरी नक्की लागेल."

"लागली पण!" भाचा खुशीत इंग्रजीतच म्हणाला आणि ऑफिसचं नाव सांगून मोकळा झाला. "मामांनीच लावली. मामी आता शिकवतेय."

तिने माझ्याकडे पाहिलं. त्याच्याशी हात मिळवून काँग्रॅच्युलेशन्स म्हणाली, आणि लिफ्ट समोर उघडी असताना जिन्याने खाली उतरून गेली.