माझ्या चुकीचे तीन मालक

सोळाव्या वर्षी मी पप्पांची स्कूटर एका मासे विकणाऱ्या बाईंवर घातली, आणि त्यानंतर चार दिवस मला कोणी काही विचारलंच नाही. ओरडले सगळे, विचारलं कोणी नाही.

पप्पा दुपारचे झोपले होते आणि खिळ्यावरची चावी मी न विचारता उचलली होती. चर्चच्या उतारावर वळणात बाई टोपली घेऊन समोर आल्या. घाबरून मी ब्रेकऐवजी रेस पिळली. बांगडे रस्ताभर झाले आणि बाईंचा घोटा मुरगळून टम्म सुजला. डॉक्टर म्हणाले, हाड शाबूत आहे, पण तीन आठवडे पाय टेकायचा नाही. पप्पांनी औषधपाणी केलं. पोलिसांत कोणी गेलं नाही, आणि प्रकरण गावातच मिटायला आलं होतं.

ते मिटलं नाही माझ्या धर्मपित्यामुळे. हे पप्पांचे शाळासोबती, गावात बेकरी चालवतात. माझ्या बाप्तिस्म्याला पाद्रींनी प्रश्न मला विचारले आणि उत्तरं यांनी दिली. तेव्हापासून माझ्या वतीने 'होय' म्हणायची त्यांना सवयच लागली आहे. दुसऱ्या दिवशी अंगावरचं पीठ झटकून, इस्त्रीचा शर्ट घालून ते पोलीस ठाण्यात गेले. ठाण्याला ज्याचा पत्ताही नव्हता तो अपघात त्यांनी साग्रसंगीत सांगितला आणि म्हणाले, "जबाबदार मी आहे. काय ते माझ्या नावावर लिहा."

"मुलीचे तुम्ही कोण?" हवालदारांनी विचारलं.

"धर्मपिता. देवासमोर जबाबदारी घेतलीय."

"ते देवाकडे राहू दे. बाप कोण?"

बापाला बोलावणं आलं. पप्पा मालवाहू बोटीवर कामाला होते. पंधरा दिवसांनी त्यांना नव्या जहाजावर रुजू व्हायचं होतं, आणि कंपनीला पोलिसांचा कोरा दाखला हवा होता. गुन्हा नोंदला गेला असता तर ते जहाज गेलंच म्हणायचं. त्या दिवशी पप्पांना जेवण गेलं नाही, आणि त्यांच्याकडे बघून मलाही नाही.

चौथ्या दिवशी पप्पा, मम्मी, धर्मपिता आणि मी ठाण्यात गेलो. हवालदार भले होते. त्यांनी समजावून सांगितलं, की अठराच्या आतल्या मुलीने गाडी ठोकली तर दोषी पालक, नाहीतर गाडीचा मालक. पप्पा दोन्ही होते. "पालकाला माहीतच नव्हतं असं सिद्ध झालं तर गोष्ट वेगळी," असं म्हणून त्यांनी पप्पांकडे आशेने पाहिलं. पण ओहोटीच्या वाळूवर मला स्कूटर शिकवताना पप्पांना अर्ध्या गावाने पाहिलं होतं. एवढ्यात मम्मी म्हणाली, "चावी मीच दिली." धडधडीत खोटं!

"अहो, चालवत मी होते!" मी म्हणाले.

"तू मध्ये बोलू नको, बाळा," हवालदार म्हणाले.

माझं डोकंच फिरलं. चूक माझी, तिच्यावर हक्क सांगायला तिघं उभे, आणि मला त्यातला वाटा कोणी देईना. पण खरं सांगते, रागापेक्षा नवल जास्त वाटत होतं. दोन वर्षांनी एका सकाळी मी उठेन आणि कायद्याला अचानक दिसायला लागेन, म्हणजे नेमकं काय होईल? आदल्या रात्री झोपलेली मुलगी कोण असेल?

"बाईंनी तक्रार दिली तर मला गुन्हा नोंदवावाच लागेल," हवालदार म्हणाले. म्हणून संध्याकाळी आम्ही चौघं बाईंच्या घरी गेलो. बाई खाटेवर, पाय उशीवर. पप्पांनी हात जोडले, मम्मी रडली, धर्मपित्यांनी बेकरीतल्या बटरांचा पुडा ठेवून देवाचं नाव घेतलं. बाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"आता तुमी तिगां गप ऱ्हवा," त्या म्हणाल्या. "माझ्यार गाडी तुमी घातलास? चेडवाक बोलूंदे."

चेडू म्हणजे मी. "चावी मीच घेतलंय," मी कशीबशी म्हणाले. "पप्पांका ठावक नव्हतां. मी भियालंय. माझी चूक आसा."

"आणि पाय दुखता काय, असां एकदा तरी इचारलंस?"

नव्हतं विचारलं. इतकी लाज मला ठाण्यातही वाटली नव्हती. मी विचारलं. बाई म्हणाल्या, "दुखता तर! लय दुखता." मग पप्पांकडे वळून म्हणाल्या, "पोलिसांका सांगा, माझी तक्रार नाय. पण पाय बरो होयसर माझी टोपली ह्यां व्हरतलां. चलत."

पप्पा ठरल्या दिवशी जहाजावर रुजू झाले. बाईंचा पाय बरा होईपर्यंत मी रोज सकाळी त्यांची टोपली डोक्यावर घेऊन बाजारात चालत जाई. बाई भाच्याच्या रिक्षातून येत. टोपली रिक्षात सहज मावली असती, पण ते सुचवायची माझी छाती नव्हती. एकदा एका गिऱ्हाईक बाईने माझ्याकडे बोट केलं. "ह्यां चेडू कोणाचां गो?"

पप्पांचं नाव सांगायला मी तोंड उघडलं. त्याआधीच माझ्या बाई म्हणाल्या, "माझो पाय मुरगळल्यान, तांच ह्यां. काय झालां तां तेकाच इचार."

गिऱ्हाईक बांगडे सोडून माझ्याकडे बघायला लागलं. मग मी सगळं सांगितलं, पप्पांचं नाव न घेता.